सहा सेकंदांचं कारण

ऑफिसात तिला सगळे आत्या म्हणत. वीस वर्षांपूर्वी तिचा सख्खा भाचा तिथं नोकरीला लागला होता. पहिल्याच दिवशी भर मीटिंगमध्ये त्यानं ‘अगं आत्या, हे बघ ना’ अशी हाक मारली आणि सगळे खो खो हसले. भाचा तीन महिन्यांत कंटाळून दुसरीकडे गेला, नाव मात्र मागे राहिलं. आता तिच्याहून वयानं मोठा असलेला दारावरचा रखवालदारही तिला आत्याच म्हणायचा. मग तीही कुणाला अहो-जाहो करायच्या भानगडीत पडत नसे. मॅनेजर तिच्याहून बावीस वर्षांनी लहान होता, त्यालाही ती ‘अरे’च करायची.

वय सत्तावन्न. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही असं विचारणारी माणसंही आता उरली नव्हती. चार वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हापासून घरात एका माणसाचा स्वयंपाक, आणि एका माणसाचा स्वयंपाक नेमका कधीच होत नाही, दीड माणसाचा होतो. उरलेलं ती डब्यात घेऊन यायची. परगावचा भाऊ दर रविवारी फोन करायचा. “बरी आहेस ना?” “बरी आहे.” “जेवलीस?” “जेवले.” एवढ्यावर आटपायचं. भावाचं प्रेम नव्हतं असं नाही, पण बोलायचं काय हे दोघांनाही कळत नसे.

कंपनी डिस्कची कपाटं बनवायची. एका लोखंडी कपाटात बारा डिस्क, आणि त्या डिस्कमध्ये लोकांची माहिती: कुणाचे रक्ताचे रिपोर्ट, कुणाची पुस्तकं, कुणाचे नकाशे. संगणक आणि डिस्क यांच्यामध्ये एक प्रोग्राम बसलेला असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. संगणक म्हणतो, अमुक पान आण. ड्रायव्हर ते डिस्कला सांगतो, डिस्क पान काढून देते, ड्रायव्हर ते वर पोचवतो. सगळं सुरळीत असेल तर हे काम कुणालाही जमेल. कसोटी लागते ती डिस्क उत्तर देईनाशी झाली की. परत विचारायचं? किती वेळा? की तिला गदागदा हलवून उठवायचं? की ती गेली असं समजून पुढं चालायचं? हे ठरवणारा जो कोड असतो तो चूक सावरण्याचा कोड. आत्या गेली सव्वीस वर्षं तो सांभाळत होती.

कधीकाळी या कामावर सहा जण होते. तिसऱ्या मजल्यावर त्यांची स्वतःची खोली होती, सहा टेबलं, सहा खुर्च्या, खिडकीशी एक फळा. मग एकेक जण नव्या कामांवर गेला. टेबलं तशीच राहिली, कारण ती हलवायला कुणाला सवड नव्हती. खोलीतले दिवे माणसाच्या हालचालीवर चालणारे होते. आत्या कोड वाचायला बसली की हलायची नाही, आणि वीस मिनिटांनी दिव्यांना वाटायचं खोलीत कुणी नाही. ते पटकन विझायचे. मग ती पडद्यावरची नजर न काढता एक हात वर करून हलवायची. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, बाई कुणाला तरी निरोप देतेय.

त्या सहांतला सगळ्यात थोरला होता शंकासुर. हे नाव अर्थातच पाठीमागे ठेवलेलं, पण त्याला ते ठाऊक होतं आणि त्याला त्यात काही वावगंही वाटत नसे. त्याचं प्रत्येक वाक्य ‘समजा’नं सुरू व्हायचं. समजा, डिस्कला उठवत असतानाच तिनं जुन्या प्रश्नाचं उत्तर दिलं तर? समजा, उठवायचा हुकूमच वाटेत हरवला तर? चूक सावरण्याचा मूळ कोड त्याचाच. त्याला शंका आली की कोडमध्ये एक फांदी वाढायची. आत्या काम शिकली ती त्याच्या शेजारी बसून. तो तिला ‘तू’ म्हणायचा, ती त्याला ‘सर’. जेवणाच्या सुट्टीत तो डबा उघडायचा नाही, आधी फळ्यावर बाण काढायचा. त्याचं जेवण गार व्हायचं, तिचंही.

आणि मग नऊ वर्षांपूर्वी ते भांडण झालं. भांडण तरी कसलं, एक वाक्य. एका कपाटानं कुठंतरी मान टाकली होती, मीटिंगला वरची मंडळी बसली होती आणि शंकासुर आणखी एक ‘समजा’ मांडत होता. तीन रात्री झोप न झालेली आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, “सर, यंत्रं बिघाडानं बंद पडत नाहीत. तुमच्या शंकांनी पडतात.” कुणीतरी हसलं. शंकासुरानं हातातला खडू फळ्याखाली ठेवला, बोटं झटकली आणि खाली बसला. दोन महिन्यांनी तो निवृत्त झाला. निरोपाचा चहासुद्धा नको म्हणाला. आत्याला वाटलं, आठ दिवसांनी फोन करू. मग वाटलं, राग निवू दे. मग वर्ष गेलं, आणि वर्षानंतर फोन करायला निमित्त लागतं. तिच्याकडे निमित्त नव्हतं.

ते निमित्त रक्ततपासणीच्या एका लॅबमुळे आलं. सकाळची वेळ, बाकावर उपाशीपोटी बसलेली माणसं, आणि लॅबच्या कपाटातली बारापैकी एक डिस्क आजारी पडली. खरं तर बाकीच्या अकरा ठणठणीत होत्या, काम चालायला हवं होतं. पण कपाट पूर्ण चाळीस मिनिटं गप्प. एकाला पडसं झालं म्हणून सगळ्या घरानं उपाशी बसावं, तसला प्रकार.

मॅनेजर तिसऱ्या मजल्यावर आला, कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीवरचं खोकं उचलून खाली ठेवलं आणि बसला.

“आत्या, एखादं ठिगळ लावून भागेल ना?”

“सव्वीस वर्षं ठिगळंच लावतेय रे. आता मूळ कापड कुठलं ते मलाही ओळखू येत नाही.”

“मग?”

“नव्यानं लिहिते. कमी लिहिते.”

“किती दिवस? आणि माणसं मागू नका, माणसं नाहीत.”

“दोन महिने. माणसं नकोतच.”

हे शेवटचं ती बोलून गेली खरी, पण तो गेल्यावर खोलीतल्या पाच रिकाम्या टेबलांकडे बघून तिला आपल्याच शब्दांचं वाईट वाटलं.

लॅबमध्ये काय झालं ते तिनं चार दिवसांत शोधून काढलं. जुन्या कोडमध्ये ज्या हुकुमाला उत्तर मिळत नसे तो हुकूम आपापला बचाव सुरू करायचा. आजारी डिस्ककडे त्या वेळी नऊ हुकूम अडकले होते, म्हणजे नऊ बचाव एकदम सुरू झाले. एकानं डिस्कला उठवायला घेतलं की त्या धक्क्यानं दुसऱ्याचा बचाव मोडायचा. दुसरा म्हणायचा, मी पहिल्यापासून करतो. त्याच्या धक्क्यानं तिसरा. आग विझवायला नऊ जण धावले आणि एकमेकांच्या पायात पाय घालून पडले. प्रत्येक फांदी तपासली तर शहाणपणाची होती, आणि सगळ्या मिळून वेड्यांचा बाजार.

तिनं ठरवलं, बचाव करणारा एकच ठेवायचा. गडबड झाली की आधी नवे हुकूम थांबवायचे. जे बाहेर गेलेत त्यांची वाट बघायची, परत आले तर आले, नाहीतर हरवले असं लिहून टाकायचं. सगळं शांत झालं की मगच हात लावायचा, आणि तोही पायरीपायरीनं. आधी अडकलेला हुकूम रद्द. नाही जमलं तर फक्त त्या डिस्कला उठवायचं. तेही नाही तर सगळ्या डिस्कची सामाईक वाट मोकळी करायची. आणि अगदीच काही चालेना तर शेवटची पायरी, कपाटाची वीज बंद करून परत चालू. प्रत्येक पायरी एकदाच. त्यानंतरही डिस्क बोलली नाही तर तिला मेलेली समजायचं आणि बाकीच्यांना कामाला लावायचं.

सांगायला इतकं सोपं, पण जुना कोड काढायचा म्हणजे त्यातली प्रत्येक अट कशासाठी आहे हे आधी कळायला हवं. अशा एकसष्ट अटी होत्या. तिनं वहीत त्यांची यादी केली आणि एकेक तपासायला घेतली. बऱ्याच अटी ज्या डिस्कसाठी होत्या त्या डिस्क बनायच्या बंद होऊन पंधरा-पंधरा वर्षं झाली होती. काही अटी दुसऱ्या अटींनी केलेला घोळ निस्तरायला होत्या, मूळ घोळ गेल्यावर त्याही गेल्या. काही तिच्याच हातच्या निघाल्या, आणि त्या का घातल्या हे तिलाही आठवेना. कोडमध्ये मधूनमधून टिपणं होती. गेलेल्या माणसांची अक्षरं नसली तरी बोलणं ओळखू यायचं. ‘हे असं का ते विचारू नका’ असं लिहिणारा आता परदेशी होता. ‘सोमवारी नीट करतो’ असं लिहिणारा वारला होता, तो सोमवार कधीच आला नव्हता. वाचता वाचता दिवे विझायचे, ती हात हलवायची.

सात आठवड्यांत साठ अटींचा निकाल लागला. अडतीसशे ओळी हजारावर आल्या. उरली एक अट.

वीज बंद-चालू करायच्या शेवटच्या पायरीनंतर डिस्कना एकेक करून सुरू व्हायचा हुकूम जायचा, आणि दर हुकुमानंतर कोड काही न करता सहा सेकंद नुसता थांबायचा. वर टिपण होतं: ‘काढू नये. कारण तोंडी सांगितलं आहे.’ टिपण शंकासुराचं, तारीख एकवीस वर्षांपूर्वीची. शिवाय पुढं कुणीतरी तीच सहा सेकंदं आणखी चार ठिकाणी उतरवून ठेवली होती, शकुन म्हणून असावीत तशी.

तोंडी सांगितलं होतं, पण कुणाला? तिनं परदेशच्या माणसाला पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं, ‘मला नाही, तुलाच सांगितलं असेल.’ तिनं सहा सेकंदं काढून टाकली आणि टेबलावरच्या चार डिस्कवर दीडशे वेळा वीज घालवून बघितली. काहीही बिघडलं नाही. मॅनेजर म्हणाला, “झालं तर मग. काढा.” तिचं बोटही त्या ओळींवर होतं. पण मन घेईना. चुकीची शंका काढून टाकताना तिला कधी अपराधी वाटलं नव्हतं. ही शंका चुकीची आहे की नाही हेच तिला माहीत नव्हतं.

गुरुवारी दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती बसनं शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. पत्ता जुना होता, माणसं असतील की नाही ठाऊक नव्हतं. चार मजले चढून तिनं बेल वाजवली. एका ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाईनं दार उघडलं, ती शंकासुराची धाकटी बहीण. दोघं भाऊबहीण एकत्र राहत.

“कोण हवंय?”

“मी त्यांच्या ऑफिसातली. मला तिथं आत्या म्हणतात.”

बहिणीनं तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. “अच्छा, त्याच तुम्ही,” ती म्हणाली. त्या तीन शब्दांत बरंच काही होतं. “या. त्याला ऐकू कमी येतं, समोर बसून बोला. ओरडू नका, ओरडलेलं त्याला आवडत नाही.”

शंकासुर खिडकीशी खुर्चीत बसला होता. अंग आटलं होतं, स्वेटर खांद्यावरून ओघळत होता. तिला बघून तो उठायला गेला, मग बसला.

“पिकलीस,” तो म्हणाला.

“नऊ वर्षं झाली, सर.”

चहा आला. ती पन्नास वाक्यं जुळवून आली होती, त्यातलं एकही तोंडातून निघेना. शेवटी तिनं पिशवीतून कागद काढून त्याच्या पुढ्यात धरला. त्यानं भिंग लावून टिपण वाचलं. दोनदा वाचलं. मग मान हलवली.

“माझंच आहे. पण कारण आठवत नाही.”

“जरासुद्धा नाही?”

“नाही गं. कधीकधी हिचं नाव आठवत नाही.” त्यानं बहिणीकडे बोट केलं. बहीण म्हणाली, “आठवतं सगळं, कामं सांगायची असली की बरोबर आठवतं.”

आत्या कागदाची घडी घालायला लागली. तेव्हा तो खिडकीकडे बघत म्हणाला, “सहा सेकंदाचं आठवत नाही. मीटिंगमध्ये काय म्हणालीस ते मात्र आठवतं.”

बहीण कप उचलायच्या निमित्तानं आत गेली.

“चुकलं माझं, सर. तेव्हाच म्हणायला हवं होतं.”

“बोलणं चुकलं नव्हतंच. निम्मं खरं होतं.” तो थांबला. “सगळ्यांसमोर बोललीस ते लागलं. एकटीनं येऊन सांगितलं असतंस तर मीच दहा अटी काढल्या असत्या.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्याला दिसू नये म्हणून ती कागदाची घडी परत उलगडायला लागली. तो पुढं वाकला आणि कागदावर बोट ठेवलं.

“समजा, हे काढलं. तपासलंस?”

“दीडशे वेळा.”

“किती डिस्क लावून?”

“चार. टेबलावर चारच मावतात.”

“कपाटात किती असतात?”

आत्यानं कागद पिशवीत घातला.

“बारा लावून बघ,” तो म्हणाला आणि खुर्चीत मागं टेकला, दमल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तळमजल्यावरच्या भंगारच्या खोलीत गेली. एक जुनं कपाट आणि चालणाऱ्या आठ डिस्क शोधायला दुपार झाली. रखवालदारानं कपाट ढकलायला हात दिला आणि विचारलं, “आत्या, हे एवढं थडगं वर कशाला नेताय?” ती म्हणाली, “एका माणसाची परीक्षा आहे, त्याची की माझी ते कळेल.”

बारा डिस्क लागल्या. सहा सेकंदं न थांबता तिनं वीज घालवून परत आणली. पहिल्यांदा ठीक, दुसऱ्यांदाही ठीक. तिसऱ्यांदा बारा मोटरी एकदम घरघरल्या, कपाटावरचे दिवे क्षणभर मंदावले, आणि शेवटच्या दोन डिस्क अर्ध्यावरच थबकल्या. जड वस्तू थांबल्या जागेवरून ढकलताना जोर जास्त लागतो, तसं मोटरचं असतं. सुरू होतानाच ती सगळ्यात जास्त वीज ओढते. बाराही एकदम ओढायला लागल्या की कपाटाची वीज पुरी पडत नाही. ठणठणीत डिस्क त्यामुळे आजारी दिसणार, मग त्यांचा बचाव सुरू होणार, मग परत वीज बंद-चालू. तिनं हे असंच पाठवलं असतं तर लॅब चाळीस मिनिटं नव्हे, दिवसभर बंद पडली असती.

ती त्या घरघरीत उभी राहिली. तिच्या मनात एकदम आलं, की त्यानं हे तिलाच सांगितलं होतं. याच खोलीत, फळ्याशी, जेवण गार होत असताना. तिनं हो हो म्हटलं होतं आणि ऐकलं नव्हतं. खरंच तसं झालं होतं की आता वाटत होतं, हे सांगणारं कुणी नव्हतं.

उतरवून घेतलेल्या चारही जागांची सहा सेकंदं तिनं काढून टाकली आणि एकच ठेवली, जिथली होती तिथं. वरचं टिपण पुसून चार ओळींत कारण लिहिलं: किती मोटरी, किती वीज, कसं तपासावं, बारा का लावाव्यात. खाली त्याच्या नावाची आद्याक्षरं घातली. स्वतःची घातली नाहीत.

नवा कोड सगळीकडे गेला. कंपनीच्या पत्रकात अकराव्या ओळीत लिहिलं होतं, ‘ड्रायव्हरमध्ये किरकोळ सुधारणा’. मॅनेजरनं वर येऊन शाबासकी दिली आणि जाताना विचारलं, एवढे दिवस नक्की कशात गेले. अडतीसशे ओळींच्या हजार झाल्या, म्हणजे काम कमी झालं असं त्याला वाटलं असावं. तिनं समजावायला सुरुवात केली, पण त्याचा फोन वाजला.

पावणेतीन महिन्यांनी एका छापखान्याकडून भलत्याच कामासाठी कपाटानं स्वतःच लिहून ठेवलेली नोंदवही मागवली होती. ती चाळताना तिला मधेच सहा-सात ओळी दिसल्या. मंगळवारी सकाळी अकरा बेचाळीसला एक डिस्क गप्प झाली. नवे हुकूम थांबले, बाहेरचे परत आले, दुसऱ्या पायरीला डिस्कनं ‘मी बिघडलेय’ एवढंच उत्तर दिलं आणि ती बाजूला काढली गेली. सगळं मिळून अठ्ठेचाळीस सेकंद. बाकीच्या अकरा पुढं चालू.

तिनं छापखान्याला फोन लावला.

“मंगळवारी सकाळी काही अडलं होतं का तुमच्याकडे?”

“मंगळवारी?” पलीकडचा माणूस आठवू लागला. “नाही बुवा. का?”

“एक डिस्क गेलीय, बदलून घ्या. बाकी काही नाही.”

फोन ठेवून ती बसून राहिली. हे कुणाला तरी सांगावं असं तिला फार वाटलं. खोलीत पाच रिकामी टेबलं होती. मॅनेजरला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मग चांगलंच आहे की. भावाला सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं, जेवलीस का. तिनं त्या ओळी कागदावर छापून घेतल्या आणि रविवारी परत शहराच्या त्या टोकाला गेली.

शंकासुर झोपला होता, खुर्चीतच, भिंग मांडीवर. “उठवू?” बहिणीनं विचारलं. “आताशा झोपतो फार.”

“नको, नको.”

बहीण मटार सोलत होती. तिनं काही न बोलता ताट दोघींच्या मध्ये सरकवलं. आत्या खाली बसली. बहिणीची बोटं झरझर चालत होती, आत्याची अडखळत होती. आई गेल्यापासून तिनं मटार आणले नव्हते, एका माणसासाठी कोण सोलत बसणार. बहीण भावाच्या औषधांबद्दल बोलली, जिन्याबद्दल बोलली, पुढच्या वर्षी भाचीकडे राहायला जावं लागेल, ते गाव फार लांब आहे, असंही म्हणाली. आत्या ऐकत होती. तासाभरानं मटार संपले. तो उठला नव्हता.

तिनं कागदाची घडी त्याच्या भिंगाखाली ठेवली, चपला घातल्या आणि चार मजले उतरून बसथांब्यावर जाऊन उभी राहिली.